न्यूट्रॉनचा झोत माध्यमातून 'जातो' की 'मुरतो'?

राजारामपुरीतून
विज्ञान दिनाला इथं कोल्हापुरात अकरावी-बारावीच्या मुलांपुढं मराठीत तासभर बोलायचं आहे. न्यूट्रॉनचा, म्हणजे अणुकेंद्रातल्या विद्युतभार नसलेल्या कणांचा, झोत पाण्यात, ग्रॅफाइटमध्ये, शिशात शिरला की त्याचं काय होतं आणि ते संगणकावर कसं काढतात, हा विषय. टिपणं काढताना पहिल्याच वाक्याशी अडले : 'न्यूट्रॉनची शलाका माध्यमातून जाते.' शलाका म्हणजे काडी, सळई; बारीक आणि टोकापर्यंत ताठ. पाण्यात वीतभर आत गेल्यावर या झोताची सळई कुठली राहते? म्हणून मी 'झोत' धरलाय. पण 'जाते' त्याहून खटकतं. पोरांना वाटणार, इकडून शिरला, तिकडून निघाला. सुचवा.

शियेहून
मॅडम, 'मुरतो' म्हणा. उसाला दारं धरायला गेलो की आबा म्हणायचे, "पाटातनं पाणी जातंय, सरीत मुरतंय." पाटात पाण्याला एक दिशा असते. सरीत ते ढेकळाला अडतं, वळतं, फुटतं, मंदावतं. शेवटच्या टोकाला किती पोचलं हाच सवाल. न्यूट्रॉनचं वेगळं काय आहे? पोकळीत तो जातो, माध्यमात मुरतो. एमएस्सीला मला विसरण (पसरत जाणं) आणि शोषण हे दोन शब्द निराळे पाठ करावे लागले, आबांच्या एका क्रियापदात दोन्ही होते.

रंकाळ्याकडून
क्रियापद सुरेख आहे, पण एक अडचण. मुरलेलं पाणी मातीत पाणीच राहतं. पाण्यातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रानं न्यूट्रॉन घेतला की त्याचं ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, होतं, सुमारे २.२ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा गॅमा किरण बाहेर पडतो आणि सुटा न्यूट्रॉन उरत नाही. त्या शेवटच्या घटनेला स्वतंत्र शब्द हवाच. पुस्तकातलं 'प्रग्रहण' मुलांच्या तोंडी बसणार नाही. सरळ म्हणा, 'केंद्रानं न्यूट्रॉन पकडला.' कुस्तीच्या गावात पकड समजावून सांगावी लागणार नाही.

'मंदावणे'वर मात्र वेळ द्या, खरी गंमत तिथं आहे. गोटी तेवढ्याच वजनाच्या गोटीवर नेमकी बसली तर मारलेली जागीच थांबते आणि दुसरी सुटते. वरवंट्यावर मारली तर जवळपास त्याच वेगानं परत येते. न्यूट्रॉन ही मारलेली गोटी; हायड्रोजनचं केंद्र म्हणजे तेवढ्याच वजनाची गोटी, शिशाचं म्हणजे वरवंटा. विखंडनातून, म्हणजे जड केंद्र फुटून, निघालेल्या वेगवान न्यूट्रॉनला सेकंदाला सुमारे २,२०० मीटरपर्यंत उतरायला हायड्रोजनशी सरासरी १८ धडका पुरतात, ग्रॅफाइटमधल्या कार्बनशी सुमारे ११५ लागतात. क्ष-किरण अडवायला शिसं, ही मुलांच्या डोक्यातली समजूत इथं उलटी पडते. 'मंदक', म्हणजे न्यूट्रॉनला मंदावणारा पदार्थ, हा शब्द या धडकांनंतरच फळ्यावर लिहा.

उद्यमनगरातून
माझा आक्षेप 'क्रॉस सेक्शन'साठीच्या 'काटछेद' या शब्दाला. आमच्याकडं ड्रॉइंगवर काटछेद म्हणजे वस्तू कापून आतलं दाखवणं. न्यूट्रॉनच्या बाबतीत कोणी काहीच कापत नाही. धडक किंवा पकड होण्याची शक्यता क्षेत्रफळाच्या मापात सांगायची, एवढाच त्याचा अर्थ. ते माप बार्न, म्हणजे धान्याचं कोठार. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ठेवलेलं नाव, कारण केंद्राच्या मानानं ते कोठाराएवढं मोठं. बोरॉन-१० चं केंद्र भरतं एक बार्नपेक्षाही कमी, पण मंद न्यूट्रॉनसाठी त्याचं हे 'क्षेत्रफळ' सुमारे ३,८४० बार्न. न्यूट्रॉनचा वेग वाढला की तेच घटतं. वेगागणिक बदलणारा काटछेद कुठल्या कारागिराला पटेल? 'धडकक्षेत्र' आणि 'पकडक्षेत्र' असे दोन शब्द करा.

आणि धडकेनंतरच्या विखुरण्याला 'विकिरण' म्हणणं टाळा. मराठी शाळेत विकिरण म्हणजे प्रकाशाचं विखुरणं, हिंदीत तोच शब्द प्रारणाला, म्हणजे रेडिएशनला. 'विखुरणे' लिहा, संपलं.

राजारामपुरीतून
धडकक्षेत्र घेतलं! आता संगणकावरचं 'सिम्युलेशन'. मी 'अनुकरण' लिहिलं होतं.

रंकाळ्याकडून
अनुकरण नको. नक्कल करायला अस्सल डोळ्यांपुढं लागतं, आणि एकेका न्यूट्रॉनची वाटचाल कोणी पाहिलेली नाही. इथं फक्त नियम ठाऊक असतात. पुढची धडक किती अंतरावर, धडकेत विखुरला की पकडला गेला, विखुरला तर कुठल्या दिशेनं, किती वेगानं : प्रत्येक वेळी फासा टाकायचा, फक्त फाशाच्या बाजू धडकक्षेत्रानुसार लहानमोठ्या. १९४६ मध्ये आजारातून उठताना पत्त्यांचा डाव मांडत बसलेल्या गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम यांना ही युक्ती सुचली, त्यांचे सहकारी गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी ती न्यूट्रॉनवर बसवली आणि नाव पडलं मोंटे कार्लो, जुगाराच्या गावावरून. पुस्तकात 'सदृशीकरण' लिहा. बोलताना आमची मुलं 'रात्रभर रन लावला' म्हणतात, तेही चालेल.

एका न्यूट्रॉनच्या जन्मापासून पकडेपर्यंतच्या नोंदीला इंग्रजीत हिस्टरी म्हणतात. त्याला 'इतिहास' भारी होतो.

शियेहून
'हकिकत' म्हणा. एका न्यूट्रॉनची हकिकत. अशा दहा लाख हकिकती जमवल्या की झोत किती खोल मुरला ते कळतं.

राजारामपुरीतून
मग पहिलं वाक्य असं : 'पोकळीत न्यूट्रॉनचा झोत जातो, पाण्यात तो विखुरतो, मंदावतो, मुरतो आणि शेवटी बहुतेक न्यूट्रॉन पकडले जातात.' शिशाशी येऊन पुन्हा अडले. तिथं विखुरणं भरपूर, मंदावणं नावापुरतं, पकड अगदी कमी. त्याला मुरणं म्हणवत नाही.

शियेहून
खडकाळ रानात पाणी मुरत नाही मॅडम, 'निसटतं'.