फुकट काम करता म्हणून हिशोब दाखवायचा नाही का?

गच्चीवरची_टाकी (छत्रपती संभाजीनगर)
काल एका चेअरमन साहेबांनी इथं लिहिलं: "आम्ही पगार न घेता सोसायटी चालवतो. वर्षभर मीटिंगला तोंड न दाखवणारे सप्टेंबरात वार्षिक सभा आली की व्हाउचर मागतात. म्हणजे आम्ही चोर का? हिशोब हवा त्यानं आधी कमिटीत यावं." खाली हात जोडलेल्यांची रांग.

साहेब, चोर कुणी म्हटलं नाही. दुकानदारानं स्वतःच्या गल्ल्याचा हिशोब कुणाला दाखवू नये, त्याची मर्जी. सोसायटीचा गल्ला कुणा एकाचा नाही, म्हणून तर कागद लागतो. आमच्या जमाखर्चात एक ओळ आहे, "पाणी व इतर खर्च". त्यात टँकर, मोटारीचं रिवाइंडिंग, गणपतीचा मांडव, सगळं. फोड मागितली की "ऑडिट झालंय" म्हणतात. ऑडिटर शासनाच्या नामतालिकेतून, म्हणजे मान्यताप्राप्त ऑडिटरांच्या यादीतून, सर्वसाधारण सभेनं नेमायचा असतो. आमच्याकडं सेक्रेटरी नाव वाचतात, मागून दोघं "मंजूर, मंजूर" ओरडतात, चहा येतो. ऑडिटनंतरचा दोष दुरुस्ती अहवाल एकाही सभासदानं पाहिलेला नाही. सिंकिंग फंडासाठी, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीच्या राखीव निधीसाठी, बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी काढून वेगळी गुंतवायची असते. आमची मेंटेनन्सच्याच खात्यात पडून आहे आणि उन्हाळ्यात टँकरवाल्याला त्यातूनच जाते. उद्या स्लॅब गळायला लागला तर काय टँकरवाल्याकडून उसने आणायचे?

वार्षिक हिशोब आणि इतिवृत्त पाहणं हा सभासदाचा कायद्यानं दिलेला हक्क आहे. त्यासाठी कमिटीत यायची अट कोणत्या कलमात आहे?

जुना_खजिनदार (नांदेड)
आले कलमवाले! मीटिंगचा कोरम किती? दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, जे कमी असेल ते. वीस टाळकी जमत नाहीत हो. मग "गणपूर्तीअभावी सभा तहकूब, अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी". त्या अर्ध्या तासात आम्ही पाच जण एकमेकांची तोंडं बघत बसतो. पावसात ड्रेनेज तुंबलं तेव्हा रात्री पहार घेऊन मी उतरलो होतो. वरच्या मजल्यावरून एक जण मोबाईलचा टॉर्च दाखवत होता, तोच आज व्हाउचर मागायलाय.

आणि टँकरवाला बिल देतो का? मे महिन्यात त्याला पक्कं बिल मागून बघा. पुढच्या गल्लीत पाणी सोडून येईल. चिठ्ठी देतो तीच खूप.

गच्चीवरची_टाकी
चिठ्ठी तरी फाइलला लावा ना! तीच तर मागायलोय.

लातूरची_सून
टँकरचं आम्हाला शिकवू नका. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आमच्याच गावात. बिल नसू द्या, वॉचमनजवळ वही ठेवता येते: गाडी नंबर, वेळ, सही. आमच्या कमिटीनंही अशी वही ठेवली, कौतुक आहे. मी नुसती टाकीची मापं घेतली. वहीत एका दिवशी जेवढे टँकर उतरलेत तेवढं पाणी आमच्या टाकीत मावतच नाही. सभेत विचारलं तर उत्तर आलं, "ताई, त्या दिवशी वापर जास्त होता."

जुना_खजिनदार
टाकी भरायलीय तोवर खालून वापर चालूच असतो, हे पण लक्षात घ्या.

लातूरची_सून
घेतलं. तेवढं पाणी एका दिवसात वापरायला पूर्ण बिल्डिंगनं गाद्या धुवायला काढल्या पाहिजेत.

पुण्यात_असलेला_लातूरकर
टँकरचा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. माझा फ्लॅट लातूरला, मी पुण्यात. तरी टँकरचा खर्च सगळ्यांना सारखा. का? वर बिनभोगवटा शुल्क वेगळंच. मी थेंब पाणी वापरत नाही. कमिटीचा हा खरा भ्रष्टाचार आहे, यावर बोला.

तिसरा_मजला (जालना)
उपविधी, म्हणजे सोसायटीची नियमावली, वाचा. सेवाशुल्क सगळ्या गाळ्यांना (म्हणजे फ्लॅटना) सारखं, पण पाणी गाळ्यातल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर. माणसांवर नाही आणि सारखं तर मुळीच नाही.

परभणीचा_पाव्हणा
आमच्याकडं माणशी लावून बघितलं. लोक पाहुणे लपवायला लागले. सेक्रेटरी जिन्यात उभं राहून चपला मोजायचे. सासू-सासरे आले की सून म्हणायची, "हे आत्ताच निघालेत." दिवाळीत तर भांडण पोलिसात जायचं राहिलं. शेवटी आलं परत सारख्यावर.

लातूरची_सून
लातूरकर साहेब, एक विचारते. बिनभोगवटा शुल्क कुलूप लावलेल्या फ्लॅटला लागतच नाही. दुसऱ्या कुणाला राहायला दिला तरच लागतं. मग?

पुण्यात_असलेला_लातूरकर
क्लासची पोरं ठेवलीत. त्यात काय गुन्हा आहे का? लातुरात कोण ठेवत नाही?

लातूरची_सून
किती पोरं?

पुण्यात_असलेला_लातूरकर
सहा. पण दिवसभर क्लासलाच असतात.

परभणीचा_पाव्हणा
हे बेस झालं. थेंब वापरत नाही म्हणे. सहा पोरं काय कोरडी अंघोळ करायलीत?

पुण्यात_असलेला_लातूरकर
टिंगल करा. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही. माझ्याकडून मेंटेनन्सएवढीच आणखी रक्कम घेतात आणि पावतीवर लिहितात "ऐच्छिक देणगी". हे कुणालाच दिसत नाही.

लातूरची_सून
हे मात्र चूक आहे. तुमची बाजू घ्यायची इच्छा नव्हती, पण चूक आहे.

निवृत्त_मास्तर (धाराशिव)
एवढं भांडण्यापेक्षा सोसायटीला माहिती अधिकाराचा अर्ज टाका. आठ दिवसांत सरळ होतात.

तिसरा_मजला
मास्तर, होत नाही तसं. सहकारी संस्था थेट माहिती अधिकारात येत नाही, सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. निबंधकाला, म्हणजे सहकारी संस्थांवरच्या सरकारी अधिकाऱ्याला, कायद्यानं जी कागदपत्रं संस्थेकडून मागवता येतात, ती निबंधक कार्यालयातून मागता येतात. आणि तिथं आठ दिवस म्हणजे काय, हे ज्यानं चकरा मारल्यात त्याला विचारा.

गच्चीवरची_टाकी
नळ आणि पोरं मोजून झाली असतील तर मूळ मुद्द्यावर येऊ का? पासबुकाचं पान आणि खर्चाची फोड दर महिन्याला ग्रुपवर टाकायला कमिटीची हरकत काय आहे? कुणीतरी सरळ सांगा.

जुना_खजिनदार
मी सांगतो सरळ. टाकलं होतं एकदा. वॉचमनच्या दिवाळीवर तीन दिवस कीस काढला, त्याला हजार जास्त का दिले म्हणून. सिंकिंग फंडाकडं एकानं पाहिलं नाही. बाहेरगावच्या एकानं तर विचारलं, झाडू एवढा महाग कसा. तेव्हापासून बंद केलं.

गच्चीवरची_टाकी
झाडूवरून भांडले म्हणून पासबुक कपाटात?

जुना_खजिनदार
बरं, टाकतो पुन्हा. म्हणजे, आताच्या खजिनदाराला सांगतो. पण अडीचशेच्या आतल्या सोसायटीची निवडणूक सोसायटीलाच घ्यावी लागते आणि आमच्याकडं गेल्या वेळी एकही जास्तीचा अर्ज आला नाही. तुमच्याकडं लागली की भरा फॉर्म. ड्रेनेजची पहार मी नांदेडहून पार्सल करतो.

गच्चीवरची_टाकी
भरतो. पहार नको, तुमच्याकडच्या त्या चिठ्ठ्या कशा फाइल करता तेवढं दाखवा.

पुण्यात_असलेला_लातूरकर
नळांवर शुल्क म्हणता, ठीक. माझ्याकडं पाच नळ आहेत, त्यातल्या बाल्कनीच्या नळाला कधीच पाणी आलं नाही. तो मोजायचा की नाही?