लेझर प्रोजेक्शनमधील चमचम आणि पडद्याचे कंपन

प्रश्न: आरजीबी (लाल, हिरवा, निळा असे वेगळे लेझर वापरणारा) लेझर प्रोजेक्टर बसवल्यापासून आमच्या सिनेमागृहाच्या चंदेरी (धातूचा लेप असलेल्या) पडद्यावर, विशेषतः हिरव्या-लाल सपाट भागांत, बारीक चमचम दिसते, पडद्यामागे कंपक (पडदा हलका थरथरवणारे उपकरण) लावल्यास ती कमी होईल का?

उत्तर १: होईल. लेझरचा प्रकाश सुसंगत (लहरी एका लयीत असलेला) असल्याने पडद्याच्या खडबडीत पृष्ठभागावरून परतणाऱ्या लहरींचे व्यतिकरण होऊन, म्हणजे त्या एकमेकींत मिसळून कुठे वाढून तर कुठे पुसल्या जाऊन, हे ठिपके उमटतात. पडदा किंचित हलता ठेवला की त्यांची नक्षी सतत बदलते आणि डोळा सरासरी टिपतो.

प्रश्नकर्ता: चित्र धूसर होणार नाही ना?

उत्तर २: सहसा नाही. १० मीटर रुंद पडद्यावर ४के (आडवे सुमारे ४,००० पिक्सेल असलेल्या) चित्राचा एक पिक्सेल सुमारे अडीच मिलिमीटरचा असतो. कंपन त्याहून बरेच लहान पुरते. मात्र ते कडांपर्यंत पोहोचायला हवे. ध्रुवीकरणावर (प्रकाशलहरींच्या कंपनाच्या दिशेवर) चालणारे थ्रीडी दाखवायचे नसेल, तर मुळात चंदेरी पडदा हवाच कशाला? मॅट पांढऱ्यावर ही चमचम कमीच दिसते.