पॉवर सप्लाय हरवलेला अनामिक झेड-८० संगणक: काय लावू?

खटपट्या:
मंडळी, कॉलेजच्या भंगारातून एक आठ-बिटी संगणक उचलून आणलाय. कंपनीचं नाव नाही, मॉडेल नंबर नाही, सर्किट डायग्राम तर सोडाच. बोर्डावर झेड-८० प्रोसेसर, ४११६ मेमरी चिपांच्या दोन ओळी, सिरीयल पोर्टापाशी त्याच्याच १४८८ आणि १४८९ चिपा. मागे सहा पिनांचा पॉवर कनेक्टर, त्यावर अक्षर नाही. घरात एटीएक्स, म्हणजे पीसीचा सप्लाय पडून आहे. तो चालेल, की दुसरा घेऊ? आणि कुठली पिन कशाची, हे कसं काढायचं?

सर्किटवाला:
एटीएक्स मस्त. हिरवी वायर काळीला जोड, सुरू होतो. लाल ५ व्होल्ट, पिवळी १२, निळी उणे १२. पैसे वाचव.

ओहमकाका:
खटपट्या, जरा थांब. ४११६ ला तीन व्होल्टेज लागतात: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५. ग्राउंड पिन १६. उणे ५ नसताना १२ दिलेस तर चिप जातात, आणि नवीन एटीएक्समध्ये उणे ५ ची पांढरी वायर नसतेच.

डायग्राम नसला तरी चिपांच्या डेटाशीट आहेत ना, त्याच वाच. मल्टिमीटर घे, कनेक्टरच्या प्रत्येक पिनेपासून चिपांपर्यंत जोडणी तपास. झेड-८० ची पिन ११ म्हणजे ५ व्होल्ट, २९ ग्राउंड. १४८८ ची १४ बहुधा अधिक १२, पिन १ उणे १२, ७ ग्राउंड. नुसत्या बीपवर जाऊ नकोस, ओहमचा आकडा बघ. ५ आणि ग्राउंडमध्ये इतक्या चिपा आहेत की मीटर उगाच वाजतो.

खटपट्या:
काका, तपासलं. १ आणि २ ग्राउंड, ३ आणि ४ वर ५ व्होल्ट, ५ वर १२, ६ वर उणे १२. पण ४११६ ची पिन १ कनेक्टरला कुठेच लागत नाही! ती एका तीन पायांच्या चिपेला जाते, वर ७९०५ लिहिलंय.

ओहमकाका:
छान! ७९०५ म्हणजे उणे ५ चा रेग्युलेटर, म्हणजे उणे ५ बोर्डावरच उणे १२ मधून तयार होतं. मग तीनच व्होल्टेज हवीत. मीनवेल कंपनीचा आरटी-६५बी सप्लाय बघ, ५, १२ आणि उणे १२ देतो. मी तोच घेईन. जुन्या एटीएक्सपैकी काही पुरेसा लोड नसला की धड चालत नाहीत.

आणि हो, ७९०५ ची धातूची पाठ ग्राउंड नसते, इनपुट असते. ७८०५ (अधिक ५ चा रेग्युलेटर, त्याची पाठ ग्राउंड) च्या सवयीने तिला चासीला, म्हणजे धातूच्या पेटीला टेकवलंस तर उणे १२ शॉर्ट.

सर्किटवाला:
ओके, उणे ५ चं माझ्या डोक्यात नव्हतं. पण अँपिअर किती धरायचे?

ओहमकाका:
क्षमता जास्त असली म्हणून बिघडत नाही, बोर्ड लागेल तेवढाच करंट घेतो. भीती शॉर्टची. १२ च्या लाइनवर टँटलमचे थेंबासारखे कपॅसिटर असतील, ते म्हातारे झाले की शॉर्ट होतात. म्हणून सप्लाय लावण्याआधी प्रत्येक लाइन ते ग्राउंड ओहम मोज. सॉकेटवर असतील तर ४११६ काढून ठेव, सप्लाय दे, रिकाम्या सॉकेटच्या १, ८, ९ वर व्होल्टेज बघ. ती बरोबर आल्यावर बंद करूनच चिपा बसव.

खटपट्या:
सगळ्या सॉकेटवरच आहेत. पण १२ च्या लाइनवर ग्राउंडशी जेमतेम ३ ओहम येतात. ४११६ काढूनही तेवढेच.

ओहमकाका:
मग सप्लायची खरेदी नंतर. आधी त्या लाइनवरच्या टँटलमांचा एकेक पाय उचल. ज्याचा उचलल्यावर आकडा वर जाईल, तो बदल. नवा बसवताना पट्टीची बाजू अधिक, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या बरोबर उलट.