मदत हवी आहे: तलावात कोणतं मत्स्यबीज सोडायचं हे कशावरून ठरतं?

पाणकाठ: लघु पाटबंधारे तलाव, पूर्ण भरल्यावर १२० हेक्टर, मे महिन्यात ४० उरतं. मासेमारीचा ठेका आमच्या संस्थेकडे आहे. शिफारस दरवर्षी कटला-रोहू-मृगळचीच येते. सभासद म्हणतात चिलापी (तिलापिया) सोडा, ती आपोआप वाढते, बियाण्याचा खर्च वाचेल. नेमकं काय बघून ठरवतात? आणि बीज किती लागेल?

जाळंमाग: आधी पाण्यात कुणाला खायला काय आहे ते बघतात. कटला वरच्या थरातले प्राणीप्लवंग (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाचा कुजका गाळ खातो. तिघांची ताटं वेगळी, म्हणून हे त्रिकूट. २० सेंटिमीटरची काळी-पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडा. हिरवट पाण्यात ३० ते ६० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर प्लवंग चांगलं, कटला वाढवा. मीटरभर खाली गेली तरी दिसत असेल तर पाणी उपाशी आहे, बीज कमी सोडा. पाणी मातीने गढूळ असेल तर हे माप फसवतं.

हे तिन्ही मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यामुळे बीज दरवर्षी सोडावंच लागतं.

हिशोब १२० वर धरू नका, सरासरी ८० हेक्टर धरा. हेक्टरी १५० किलो अपेक्षा म्हणजे १२,००० किलो. पाऊण किलोचा मासा धरला तर १६,००० नग. शंभरात वीस जगले तर ८०,००० बोटुकली (बोटाएवढं बीज), हेक्टरी हजार.

गाळपेर: हे वीस टक्के जगण्याचं प्रमाण ८० ते १०० मिलिमीटरच्या बोटुकलीचं. स्वस्त पडतं म्हणून ३० मिलिमीटरचं बीज टाकलंत तर शिवडा आणि मरळ हे शिकारी मासे त्यावरच पोसतात. सांडवा वाहायचा थांबल्यावरच सोडा, नाहीतर निम्मं खाली वाहून जाईल. बीजाच्या पिशव्या १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग तलावाचं पाणी थोडं थोडं आत घ्या.

चिलापीच्या नादी लागू नका. लहानपणीच वयात येते, वर्षातून अनेकदा विते, आणि गर्दी झाली की वाढ खुंटून तळहाताएवढीच राहते. ती धरायला बारीक आसाचं (छिद्रांचं) जाळं लागतं. त्याच जाळ्यात पाव किलोचा कटला अडकतो, तिथेच तुमचा हंगाम बुडतो. परका मासा एकदा शिरला की बाहेर निघत नाही. हिमाचलच्या गोविंदसागर जलाशयात १९७१ च्या सुमारास सिल्व्हर कार्प हा परदेशी मासा चुकून गेला आणि पुढे पकडीत तोच वरचढ झाला, कटला मागे पडला.

पाणकाठ: थोडी चिलापी आधीच दिसते. मग मरळ सोडू का? भावही चांगला आहे.

जाळंमाग: मरळ चिलापीची पिल्लं खातो हे खरं, पण तुमची बोटुकलीही सोडणार नाही. सोडायचाच तर बोटुकली बरीच मोठी झाल्यावर, आणि मोजकाच. त्याआधी दोन-तीन ठिकाणी जाळं टाकून शंभर किलोत चिलापी किती निघते ते तोलून इथे लिहा. पाच किलो असेल तर उपाय वेगळा, चाळीस असेल तर वेगळा.