मदत हवी आहे: सहावीच्या मुलांची कर्नाळ्याची निसर्गसहल फाल्गुनात न्यावी की परीक्षेनंतर?

नमस्कार,

पनवेल परिसरातील एका शाळेत मी सहावीला विज्ञान शिकवते. कर्नाळा पक्षी अभयारण्यात मुलांची निसर्गसहल नेण्यास मुख्याध्यापकांनी संमती दिली आहे. मात्र ती वार्षिक परीक्षा आटोपल्यावर, म्हणजे एप्रिलच्या मध्यास काढावी, असे त्यांचे मत आहे. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा असला, तरी आपल्याकडची काटेसावर, पळस आणि पांगारा माघ-फाल्गुनातच फुलून घेतात. एप्रिलमध्ये सावरीवर फुलांऐवजी बोंडे असतात, आणि मधासाठी तिच्यावर तुटून पडणाऱ्या पळसमैनांचे थवेही परतीच्या वाटेला लागलेले असतात. बहावा तेव्हा फुलू लागतो हे मान्य, पण त्या दिवसांत सकाळी दहानंतर मुले झाड पाहतील की सावली शोधतील, हे सांगायला नको. दोन्ही वेळी मुलांना घेऊन गेलेल्यांनी आपला अनुभव लिहिल्यास मला मुख्याध्यापकांशी बोलणे सोपे जाईल.

दुसरा प्रश्न किल्ल्याचा. ‘कर्नाळ्याला जाऊन किल्ला नाही?’ असे पालक आत्ताच विचारू लागले आहेत. किल्ल्याच्या सुळक्याला आग्या मोहोळाची पोळी असतात, आणि चाळीस मुलांचा आरडाओरडा किंवा कुणीतरी मारलेला एखादा दगड किती महाग पडेल, या विचाराने माझा त्याला ठाम विरोध आहे. पालकांना न घाबरवता हे कसे समजावावे?

माझा बेत असा आहे की, पायवाट पूर्ण करण्याच्या मागे न लागता, फुललेल्या एकाच सावरीखाली मुलांना तासभर बसवावे. पानांचा मागमूस नसलेल्या फांद्यांवर शिंजीर, बुलबुल, कोतवाल, हरेवा यांपैकी कोण येतो, कोण चोच खुपसतो आणि कोण केवळ फुलांवर येणारे किडे टिपतो, हे त्यांनी स्वतः नोंदवावे. खाली पडलेले जाड, मेणचट पाकळ्यांचे फूल उलगडून पुंकेसरांचे जुडगे पाहावेत आणि बोटाला लागलेला पराग पक्ष्याच्या कपाळावर कसा पोहोचत असेल, हे त्यांचे त्यांनीच ताडावे. माहितीफलक वहीत उतरवून घेण्याच्या सहली मला आता नकोशा झाल्या आहेत. परंतु अकरा-बारा वर्षांची मुले तासभर शांत बसतील का, की दहा-दहांचे गट करून ती वेगवेगळ्या झाडांखाली पाठवावीत? दुर्बिणी मोजक्याच आहेत, त्यावरून भांडणे होणार हे गृहीत धरले आहे. जिचा फुलोरा खालूनही नीट दिसेल अशी, फार उंच न गेलेली सावर वाटेवर कुठे आहे, हेही कळवावे.

याच सुमारास खाजकुइलीच्या शेंगा वाळतात, आणि त्यांची ती मखमली लव पाहून मुलांचे हात आपसूक पुढे जातात. ती लागून खाज सुटली, की गावाकडे अंगाला शेण चोळतात, पण शाळेच्या प्रथमोपचार पेटीत ते ठेवता येणार नाही! कुणी डॉक्टर असतील, तर कोणते मलम वा औषध सोबत असावे, हे कृपया सांगावे.

शालेय गटासाठी वनखात्याकडे अर्ज किती आधी करावा लागतो आणि सोबत स्थानिक वाटाड्या मिळतो का, हेही अलीकडे जाऊन आलेल्यांकडून समजले तर लगेच पत्र टाकता येईल.