मेसोपोटेमिया शिकवताना 'डोळ्याला डोळा'च्या पुढे काय?

पाटीपेन्सिल

सीबीएसई अकरावी, मानव्य शाखा. ३८ मुलं आणि ३५ मिनिटांचे पाच तास. मेसोपोटेमियाच्या धड्यात नगरं, मंदिरं, लिपी हे सगळं येतं. कायद्याचा विषय निघाला की मात्र बाबिलोनचा राजा हम्मुराबी, मग 'डोळ्याला डोळा', आणि संपलं. मुलं 'क्रूर लोक होते' एवढं वहीत लिहून मोकळी होतात.

कायद्यातून त्यांचं रोजचं जगणं कसं दाखवता येईल? मातीच्या पाट्या करून घ्यायचा विचार आहे, पण भेगा पडतात, अक्षरं उमटत नाहीत असं ऐकलंय. आणि अभिरूप खटला घ्यायचा तर कोणता घ्यावा? 'आधुनिक कायदा विरुद्ध हम्मुराबी' असली वादविवाद स्पर्धा नको आहे.

खडूफळा

कलमं वाचायच्या आधी फळ्यावर मापं लिहा. ती नसतील तर कायदा नुसताच भीतिदायक वाटतो.

१ मिना म्हणजे ६० शेकेल. १ शेकेल म्हणजे सुमारे ८.३ ग्रॅम चांदी. १ कुर म्हणजे ३०० सिला, आणि सिला जवळजवळ आपल्या लिटरएवढा. एश्नुन्ना नगराच्या कायद्याचं पहिलंच कलम भावफलक आहे: १ कुर जव = १ शेकेल चांदी.

आता हम्मुराबीचं कलम २५७ घ्या. शेतावरच्या गड्याची वर्षाची मजुरी ८ कुर जव, म्हणजे २४०० लिटर, वजनात सुमारे दीड टन. चांदीत ८ शेकेल. हे वर्गात मुलांकडूनच काढून घ्या आणि त्यानंतरच १९६ ते १९९ ही कलमं उघडा. 'अवीलुम'ने (पूर्ण हक्कांच्या स्वतंत्र माणसाने) दुसऱ्या अवीलुमचा डोळा फोडला तर त्याचा डोळा फोडायचा. 'मुश्केनुम'चा (स्वतंत्र, पण खालच्या दर्जाच्या माणसाचा) फोडला तर १ मिना चांदी. गुलामाचा फोडला तर गुलामाच्या किमतीच्या निम्मी रक्कम, आणि तीही त्याला नाही, मालकाला.

१ मिना म्हणजे ६० शेकेल, भागिले ८. साडेसात वर्षांची मजुरी! 'गरिबाच्या डोळ्याला नुसता दंड' हे वाक्य इथे अडखळतं. शिक्षा कोणाला किती जड पडेल, यावर मुलं आपणहून भांडायला लागतात. एश्नुन्नात तर नुसत्या थोबाडीत मारण्याला १० शेकेल आहेत.

पाठ्यपुस्तकं पढवतात तो 'रानटीपणाकडून सभ्यतेकडे' हा क्रमही इथेच मोडून टाका. ऊर नगराचा राजा उर-नम्मू याचा कायदा हम्मुराबीच्या तीनेकशे वर्षं आधीचा, आणि त्यात इजेला दंड आहे: हाड मोडलं तर १ मिना, दात पाडला तर २ शेकेल. शरीराच्या बदल्यात शरीर हे नंतर आलं.

दुसरी जोडी बांधकामाची. कलम २२८ प्रमाणे गवंड्याची मजुरी दर सारला २ शेकेल. सार म्हणजे सुमारे ६ मीटर बाय ६ मीटर. पटांगणात फक्की टाकून आखून घ्या आणि मुलांना आत उभं करा. मग २२९ ते २३३ वाचा. घर पडून मालक मेला तर गवंडी मरतो, मालकाचा मुलगा मेला तर गवंड्याचा मुलगा, आणि भिंत नुसती कलली तर गवंड्याने पदरमोड करून ती पक्की करायची. मुलग्याचं कलम मुलांना चांगलंच खुपतं. खुपू द्या, लगेच समजूत घालू नका.

एक सावधगिरी. अवीलुम, मुश्केनुम, वर्दुम यांना आपल्या वर्णांची नावं चिकटवू नका. 'वर्दुम' गुलाम खरा, पण कर्जापायी गहाण पडलेली बायकोमुलं कलम ११७ प्रमाणे तीन वर्षं राबून चौथ्या वर्षी सुटत. आणि राजवाड्याच्या किंवा मुश्केनुमच्या गुलामाने अवीलुमच्या मुलीशी लग्न केलं तर कलम १७५ प्रमाणे मुलं स्वतंत्र. ही चौकट जातीची नाही.

शाडूवाला

पाट्यांबद्दल. माती शाडूचीच घ्या, पण कागदाचा लगदा मिसळलेली नको. टोक दाबलं की तंतू ओढले जातात. कणीक तर मुळीच नको, दाबलेला ठसा पुन्हा वर येतो. ३८ मुलांना पाटी आणि लिफाफा मिळून माणशी २५० ग्रॅम धरा, म्हणजे दहा किलोत भागेल. किलोभर भुकटीला ३०० ते ३५० मिली पाणी, तेही थोडं थोडं. मळून रात्रभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. मुरू दिली नाही तर वाकवल्यावर कडा फाटतात.

पाटी तळहातात मावेल अशी: ७ बाय ५ सेंमी, मध्ये २ सेंमी जाड, उशीसारखी फुगीर. लाटण्याने सपाट केली तर वाळताना कडा वर वळतात. केल्यावर पंधरा-वीस मिनिटं तशीच ठेवा. बोट लावलं की चिकटू नये आणि नख मात्र रुतावं, ही लिहायची वेळ.

लेखणीला बांबूची कामटी. बोरूसारखी तिरकी छाटू नका, इथे टोक काटकोनातच हवं. त्या कोपऱ्याने लिहायचं म्हणजे दाबायचं आणि उचलायचं. निम्मी मुलं रेघ ओढतात, मग कडेला मातीचा वरंबा उभा राहतो आणि खूण ओळखू येत नाही. फळ्यावर तीनच खुणा काढा: उभी (डोकं वर), आडवी (डोकं डावीकडे) आणि कोपरा नुसता टेकवून उमटणारी कोयरी. वाचताना दिवे बंद करून डावीकडून टॉर्च तिरका धरा. समोरून उजेड पडला की सगळं सपाट दिसतं. पाटी उलटताना वहीच्या पानासारखी नाही, खालची कड वर घेऊन उलटायची.

लिहायचं काय? इंटरनेटवर 'आपलं नाव क्यूनिफॉर्ममध्ये' (म्हणजे या कीलाकार लिपीत) म्हणून ए ते झेडचे तक्ते मिळतात, ते खोटे आहेत. ही एबीसीसारखी एकेका वर्णाची नाही, अख्ख्या अक्षराची (सिलॅबलची) लिपी आहे, आणि ते समजायला मराठी मुलांइतकी सोयीची मुलं नाहीत: का, की, कू प्रत्येकाला वेगळी खूण. फरक इतकाच की आपल्याकडे 'क' तोच राहून मात्रा बदलते, तिकडे तिन्ही खुणांत काडीचंही साम्य नाही. 'मीना' असेल तर मी-ना, दोन खुणा. (आणि वर्गातल्या मीनाचं वजन अर्धा किलो, हा विनोद होणारच.)

पहिल्या तासाला फक्त आकडे घ्या. उभी खूण १, कोयरी १०, साठ झाले की पुन्हा उभी खूण. ७२ म्हणजे एक उभी, मग थोडी जागा, मग एक कोयरी आणि दोन उभ्या. जागा सोडायची सवय नसेल तर वाचताना घोळ, कारण १ आणि ६० ची खूण एकच आहे.

लिफाफा: कराराची पाटी मातीच्याच पातळ आवरणात गुंडाळत, वर मजकूर पुन्हा लिहीत आणि शिक्के उमटवत. वाद झाला तर न्यायाधीशांपुढे फोडून आतला आकडा पाहायचा. ३ ते ४ मिमी जाडीची पोळी करा. आतल्या पाटीला कोरडी भुकटी चोळा, नाहीतर दोन्ही एकजीव होतील. आतली पाटी पूर्ण वाळलेली असेल तर आवरण आकसताना हमखास तडकतं. अर्धवट वाळलेलीच गुंडाळा. ज्याच्याकडे शिक्का नाही त्याने नख किंवा कपड्याचा काठ दाबायचा, तेव्हाही तसंच करत.

न्यायासन

खटल्यासाठी निप्पूर नगरातला खून घ्या, इ.स.पू. १९०० च्या सुमाराचा. देवळाच्या सेवेतल्या लू-इनान्ना नावाच्या माणसाला तिघांनी मारलं. त्यांतला एक न्हावी, एक माळ्याचा गुलाम. मारल्यावर त्यांनी ते त्याच्या बायकोला, निन-दादाला, सांगितलं. तिने तोंड उघडलं नाही. प्रकरण राजधानी इसिनला राजा उर-निनुर्तापुढे गेलं आणि त्याने ते निप्पूरच्या सभेकडे पाठवलं.

सभेत नऊ जण उभे राहून म्हणतात की तिघांना आणि बाईलाही लू-इनान्नाच्या खुर्चीसमोर मारावं. या नवांत पक्षी पकडणारा आहे, माळी आहे. दोघं तिच्या बाजूने बोलतात: तिने नवऱ्याला मारलेलं नाही, मग तिला का मारायचं?

३८ मुलांत वाटणी सरळ बसते: ९ आरोप करणारे, २ बाजू घेणारे, ३ आरोपी, १ निन-दादा, उरलेले २३ म्हणजे सभा. वाचन १० मिनिटं, बोलणी १२, निर्णय ५, चर्चा ८. वकील कोणालाच करू नका. तिथे वकील नव्हते, आणि एकाने काळा कोट चढवला की वर्गाचा सिनेमा होतो.

मजकुराचा शेवट आधी सांगू नका. पाट्या वाचणाऱ्या दोन अभ्यासकांपैकी क्रेमर यांच्या वाचनात निन-दादा सुटते, जेकबसेन यांच्या वाचनात तीही दोषी ठरते. सभेचा निकाल लागल्यावर दोन्ही वाचनं फळ्यावर मांडा. एकच पाटी, दोन अर्थ. इतिहासाचा पुरावा म्हणजे काय ते इथे दिसतं. या खटल्याच्या एकाहून जास्त प्रती सापडल्या आहेत, कारण लेखनिक होणारी मुलं शाळेत तो उतरवून काढत. म्हणजे हा त्यांच्याही अभ्यासक्रमात होता.

जवाचं_पोतं

खडूफळा यांचं गणित उत्तम, पण मुलांना सांगा की भाव एश्नुन्नाचा आणि मजुरी बाबिलोनची आहे. साडेसात वर्षं हा अंदाज, ताळेबंद नव्हे. त्याहून महत्त्वाचं: त्या काळचे करार आणि निवाडे हजारोंनी मिळाले आहेत, पण त्यांत हम्मुराबीच्या कलमाचा हवाला जवळपास नसतोच. ही कलमं कोरलेला सव्वादोन मीटर उंचीचा काळा दगड १९०१-०२ मध्ये इराणमधल्या सूसाला सापडला. एलामच्या राजाने लूट म्हणून तिथे नेलेला. त्याला 'दंडसंहिता' म्हणून शिकवलं तर रोजचं जगणं निसटतं. रोजचं जगणं करारांत आहे.

म्हणून एक तास कर्जखताला द्या. मसुदा ठरलेला: किती, कोणाकडून, कोणी घेतलं, कधी फेडणार (सुगीला), साक्षीदार, तारीख. वर्षाला आकडा नसे, घटनेचं नाव असे. हम्मुराबीचं दुसरं वर्ष म्हणजे 'त्याने देशात न्याय स्थापला ते वर्ष'. मुलांना चालू वर्षाचं नाव ठरवू द्या, दहा मिनिटं मजेत जातात. व्याज हम्मुराबीच्याच दराने: चांदीवर २० टक्के, धान्यावर दर कुरला १०० सिला, म्हणजे ३३ टक्क्यांच्या वर. १ कुर घेतलेल्याने सुगीला ४०० सिला मोजायचे.

वेळ उरला तर एआ-नासिर या तांब्याच्या व्यापाऱ्याला लिहिलेलं तक्रारपत्र वाचा. ऊरमधलं, इ.स.पू. १७५० च्या सुमाराचं, साडेअकरा सेंमी उंचीची पाटी. नान्नी नावाचं गिऱ्हाईक म्हणतं, तांबं हलकं दाखवलंस आणि माझ्या माणसाचा अपमान केलास. भाषांतर करून सांगावंच लागत नाही.

पाटीपेन्सिल

छान. आकडे, करार, कलमं, खटला असे चार तास झाले. पाचव्यात त्या पाट्यांचं काय करू? भट्टीत भाजून प्रदर्शनाला ठेवाव्यात का?

जवाचं_पोतं

भाजू नका, कलम ४८ वाया जाईल. कर्जदाराचं पीक वादळाने किंवा पुराने गेलं, की पाण्याअभावी आलंच नाही, तर त्या वर्षी त्याने सावकाराला धान्य द्यायचं नाही, त्या वर्षाचं व्याजही नाही, आणि त्याने 'पाटी ओली करायची'. पाचव्या तासाला चिठ्ठ्या टाका. ज्याला 'पूर' किंवा 'दुष्काळ' येईल त्याने ओल्या अंगठ्याने आकडा चोळून मऊ करायचा आणि साक्षीदारांसमोर नवा दाबायचा. बाकीच्यांनी लिफाफे फोडून हिशेब पुरे करायचे. १८७५ मध्ये पुण्याजवळच्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखतं का जाळली, हे बारावीत शिकवताना हा अंगठा आठवण करून द्यायला उपयोगी पडतो.

शाडूवाला

भर घालतो: अंगठा भिजलेला हवा, निथळणारा नको, नाहीतर शेजारची ओळही जाते. पाटी पूर्ण सुकली असेल तर ओल्या फडक्याखाली दहा मिनिटं ठेवून मग चोळा. काम झाल्यावर सगळ्या पाट्या बादलीत टाका; न भाजलेली शाडू काही तासांत विरघळून तळाशी बसते, वरचं पाणी ओता आणि पुढच्या वर्गाला तीच माती मळा. निप्पूरच्या उत्खननात 'एफ' नाव दिलेल्या घरात, जिथे शाळा भरायची, तिथेही जुन्या पाट्या भिजवून माती परत वापरायला डांबर लावलेले हौद सापडले आहेत.