समाजमंदिराच्या आराखड्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या वस्तीत समाजमंदिर बांधण्याचे ठरले असून, आराखड्याच्या टप्प्यावरच काम अडले आहे. बहुतेकांना मोठे सभागृह हवे आहे; मात्र ते वर्षातील मोजके दिवस भरेल आणि एरवी कुलूपबंद राहील, अशी मला भीती वाटते. म्हणून एकच दालन सरकत्या पडदीने विभागून एका बाजूला अभ्यासिका आणि दुसऱ्या बाजूला ज्येष्ठांची बैठक चालवावी, असे मी सुचवले आहे. अशा पडदीने आवाज कितपत अडतो, हे ती वापरलेल्यांनी कृपया सांगावे.

दुसरी अडचण उताराची आहे. जोते ४५ सेंटिमीटर उंच असल्यामुळे चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ या प्रमाणात उतार काढल्यास त्याची लांबी ५.४ मीटर होते आणि तो थेट फाटकाला भिडतो. (जोते कमी करावे, तर पावसाचे पाणी आत शिरेल.) उतार मध्येच काटकोनात वळवल्यास वळणावर सपाट जागा किती सोडावी?

बांधकामासाठी देणगीदार पुढे येतात, वीजबिलासाठी कोणी येत नाही. तेव्हा रोजचा खर्च भागवण्यासाठी आपण भाडे, वर्गणी की ठेवीचे व्याज यांपैकी कशावर भिस्त ठेवली, हेही कळवावे.